सोमेश्वर बुडाला, त्याचे काय?

महाशिवरात्रीच्या दिवशी अंबरनाथच्या शिवमंदिरासमोरील रांगेत दोन-तीन तास उभे राहण्याचा प्रसंग आमच्या गावातील प्रत्येकावर केव्हा ना केव्हा येतोच. रांगेत वेळ जाता जात नाही. मग कोणीतरी विचारते, "हे देऊळ बांधले कोणी हो?" या प्रश्नाला दोनच उत्तरे मिळतात. म्हाताऱ्या आजीबाई सांगतात, पांडवांनी एका रात्रीत बांधले. कोंबडा आरवला आणि कळस अर्धा राहिला. थोडा शिकलेला माणूस मात्र हसतो आणि ठासून सांगतो, "छे हो, हे हेमाडपंती देऊळ आहे."

आजीबाईंचे उत्तर चूक असले तरी निरुपद्रवी आहे. शिकलेल्या माणसाचे उत्तर चूक तर आहेच, शिवाय त्यात एक अन्यायही दडलेला आहे. तो अन्याय कोणता, एवढेच सांगण्यासाठी हा लेख लिहीत आहे. लेखाचा विषय एक विसरलेले युद्ध आहे. ते ज्या मुलखासाठी झाले त्याच मुलखात आपले महाविद्यालय उभे आहे.

प्रथम देवळाविषयी. मंदिराच्या उत्तरेकडील द्वारावर आतल्या बाजूस एक शिलालेख आहे. भाऊ दाजींनी त्यातील शक ७८२ असा वाचला होता. पुढे भगवानलाल इंद्रजींनी तो शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०, असा दुरुस्त केला. त्यात महामंडलेश्वर मांवाणिराज याचे नाव आहे. हाच शिलाहार राजा मुम्मुणी. छित्तराज या त्याच्या वडील भावाचे नावही लेखात येते. हेमाद्री, म्हणजे आपला हेमाडपंत, हा देवगिरीच्या यादवांचा मंत्री. त्याची कारकीर्द तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातली. दोघांत दोनशे वर्षांचे अंतर आहे. शिवाय देवळाची शैलीही भूमिज म्हणून ओळखली जाते, आणि ती प्रामुख्याने माळव्यात बहरलेली शैली आहे. तेव्हा 'हेमाडपंती' हा शब्द येथे कोणत्याच अर्थाने लागू पडत नाही.

पण केवळ सनावळीची चूक म्हणून मी हे सांगत नाही. हा हेमाद्री ज्या राजाचा मंत्री होता, त्याच राजाने शिलाहारांचे राज्य बुडवले. आणि त्याच हेमाद्रीने शेवटच्या शिलाहार राजाच्या मरणाची चेष्टा करणारे श्लोक लिहिले. आणि आपण काय करतो? ज्यांचे राज्य गेले त्यांनी बांधलेल्या देवळाला चेष्टा करणाऱ्याचे नाव देतो! जिंकणारा मुलूख घेतो हे ठाऊक होते. आठशे वर्षांनंतर नावसुद्धा त्याच्याच पदरात पडते, हे मला या देवळाने शिकवले.

हे शिलाहार कोण? आठव्या शतकाच्या अखेरीपासून सुमारे साडेचारशे वर्षे उत्तर कोकणावर या घराण्याने राज्य केले. पुरी ही त्यांची राजधानी आणि स्थानक, म्हणजे आजचे ठाणे, हे मोठे नगर. 'पुरीप्रमुख चौदाशे गावांचे कोकण' असा त्यांच्या ताम्रपटांत आपल्या प्रदेशाचा उल्लेख येतो. सुरुवातीला ते राष्ट्रकूटांचे मांडलिक होते. राष्ट्रकूटांचे साम्राज्य चालुक्य तैलपाने इ. स. ९७३ मध्ये बुडवले. पण शिलाहार अपराजिताने ९९७ साली दिलेला भिवंडी तालुक्यातील भादाण्याचा ताम्रपट पाहा. चोवीस वर्षे उलटून गेली तरी त्यात राष्ट्रकूटांची सगळी वंशावळ दिली आहे, त्यांच्या नाशाबद्दल हळहळ व्यक्त केली आहे, आणि नव्या सम्राटाचे नाव मात्र नाही. जुना धनी गेला, नवा आम्ही मानत नाही, असा त्याचा सरळ अर्थ. उत्तर कोकणाच्या स्वातंत्र्याची पहिली खूण म्हणून मी या ताम्रपटाकडे पाहतो.

पण असे स्वातंत्र्य टिकवणे सोपे नव्हते. एका बाजूला सह्याद्री, दुसऱ्या बाजूला समुद्र, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत ठाणे, सोपारा, चौल यांसारखी श्रीमंत बंदरे. जकातीचा पैसा जेथे गोळा होतो तेथे शेजाऱ्यांची नजर जायचीच. माळव्याच्या भोजाने कोकण जिंकल्याच्या आनंदाप्रीत्यर्थ १०२० साली भूमिदाने दिल्याचे त्याचेच ताम्रपट सांगतात. गोव्याच्या कदंबांनी तर आरमार घेऊन यावे. त्यांच्या शिलालेखात असे वर्णन आहे की, ठाण्याच्या मुम्मुणीने कदंब राजाला वाड्यात नेऊन सत्कार केला, आपली कन्या त्याला दिली आणि पाच लक्ष सुवर्णनाणीही दिली. हे विजेत्याच्या बाजूचे वर्णन आहे. चढाई करून आलेल्या पाहुण्याला मुलगी आणि पाच लक्ष देणाऱ्या यजमानाचा चेहरा कसा असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी. आणि हा मुम्मुणी म्हणजे आपल्या शिलालेखातला मांवाणिराजच!

पुढे भाऊबंदकी माजली. अनंतदेव १०९४ च्या खारेपाटण ताम्रपटात म्हणतो की, दायादांच्या वैरामुळे आलेल्या संकटकाळात ज्या दुष्टांनी कोकण उद्ध्वस्त केले त्यांना आपण समुद्रात लोटले. त्याच ताम्रपटात त्याने आपल्या दोन मंत्र्यांच्या गलबतांना स्थानक, नागपूर, शूर्पारक आणि चेमुली या बंदरांत जकात माफ केली आहे. लढाई कशासाठी होत होती हे समजून घेण्यासाठी यापेक्षा चांगला पुरावा नको. बाराव्या शतकात मल्लिकार्जुनाने 'राजपितामह', म्हणजे राजांचा आजोबा, ही बिरुदावली मिरवली म्हणून गुजरातचा कुमारपाल चिडला, असे मेरुतुंगाच्या 'प्रबंधचिंतामणी'त सांगितले आहे. कुमारपालाचा सेनापती आंबड पहिल्या स्वारीत हरला आणि काळी वस्त्रे लेवून परतला. दुसऱ्या स्वारीत मात्र त्याने मल्लिकार्जुनाचे मस्तकच नेले. तरीही राज्य संपले नाही. काही वर्षांतच दुसरा अपरादित्य 'महामंडलेश्वर' ही मांडलिकाची पदवी टाकून 'महाराजाधिराज' आणि 'कोंकणचक्रवर्ती' म्हणवून घेऊ लागला. आता वर कोणी नाही, असे शब्दांत सांगण्याचे धैर्य येथे प्रथम दिसते.

हीच पदवी शेवटच्या राजाच्या, सोमेश्वराच्या, लेखांतही आहे. त्याचे १२५९ आणि १२६० सालचे शिलालेख उरणजवळ रानवड आणि चांजे येथे सापडले. त्यानंतर देवगिरीच्या महादेव यादवाने हत्तींचे मोठे सैन्य घेऊन कोकणावर स्वारी केली. जमिनीवर सोमेश्वराचा पराभव झाला. तो गलबतांवर चढला. यादवांचे आरमारही मागून आले. १२६५ च्या सुमारास समुद्रातच त्याचा अंत झाला आणि शिलाहारांचे राज्य संपले. हेमाद्रीने 'चतुर्वर्गचिंतामणी'तील राजप्रशस्तीत यावर श्लोक रचले आहेत. त्यांचा आशय असा की, समुद्रात पोहण्यात पटाईत असलेला हा कोकणचा राजा महादेवाच्या हत्तींच्या मदाच्या नद्यांत बुडाला. आणि महादेवाच्या कोपाग्नीपेक्षा त्याला समुद्रातला वडवानल बरा वाटला. कवित्व म्हणून कल्पना चांगली आहे. एक माणूस आणि त्याच्यासोबतची माणसे बुडत होती, हे मात्र त्या कवित्वात कोठेच दिसत नाही.

आता माझा मुख्य मुद्दा.

इतिहासाच्या पुस्तकांत ही घटना साधारणपणे एका ओळीत येते: महादेवाने उत्तर कोकण जिंकून यादवांचा राज्यविस्तार केला. पुढचे पान उलटले की १२९६ साल येते. अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून येतो, रामदेवराव खंडणी कबूल करतो, आणि तेथे आपण मोठा सुस्कारा टाकून म्हणतो, महाराष्ट्राचे स्वातंत्र्य गेले! दोन्ही घटनांत फार तर तीस-बत्तीस वर्षांचे अंतर. मजबूत राजा कमजोर राजावर चालून गेला, त्याची संपत्ती आणि मुलूख त्याने घेतला, हे दोन्हीकडे सारखेच. मग एकीकडे 'विस्तार' आणि दुसरीकडे 'स्वातंत्र्यलोप' असे दोन शब्द का? ज्याच्या बाजूला आपण उभे आहोत त्याने घेतले तर विस्तार, त्याचे गेले तर स्वातंत्र्यलोप, असाच हा न्याय आहे. परीक्षेत हे शब्द आपण बिनदिक्कत लिहितो आणि गुणही मिळवतो.

यावर आक्षेप येईल, आणि तो विचार करण्याजोगा आहे. कोणी म्हणेल, यादव आणि शिलाहार दोघेही आपलेच. तेच देव, तीच भाषा. महादेवाने कोकण जोडले म्हणजे घरातल्या घरात भिंत पाडली. खिलजीचे तसे नव्हते. या आक्षेपातला पहिला भाग खरा आहे. शिलाहारांच्या मुलखात मराठी रुजत होती याचे दाखले दगडावर आहेत. अक्षी येथील केशिदेवाचा लेख शके ९३४ चा मानला जातो आणि जुन्यातल्या जुन्या मराठी लेखांत त्याची गणना होते. दुसऱ्या अपरादित्याच्या परळच्या लेखाचा शेवट मराठीतल्या शापवचनाने होतो. पण यातून निष्कर्ष काय निघतो? भाषा एक असली की बुडणाऱ्याला पाणी कमी लागते काय? भावाने भावाचे शेत बळकावले तर त्याला कोणी एकत्रीकरण म्हणत नाही. कोर्टात दावा लावतात. सोमेश्वराने 'या आणि आमचे राज्य जोडून घ्या' असे पत्र देवगिरीला पाठवले नव्हते. तो लढला आणि मेला. त्याच्या नकाराला काहीच किंमत नसेल, तर कोणाच्याच नकाराला ती देता येणार नाही.

याच काळात जगाच्या दुसऱ्या टोकाला असेच एक युद्ध चालू होते. उत्तर समुद्राच्या काठी, आजच्या नेदरलँड्स आणि जर्मनीच्या किनारपट्टीवर, फ्रिसियन नावाचे लोक राहतात. मध्ययुगात भोवतालचा सगळा युरोप सरदार-जहागीरदारांच्या अमलाखाली असताना या लोकांनी आपल्यावर कोणी सरदार बसू दिला नाही. गावांचे आणि प्रांतांचे प्रतिनिधी उपस्टाल्सबोम नावाच्या ठिकाणी जमत आणि सामाईक गोष्टी ठरवत. शेजारच्या हॉलंडच्या काउंटांना हा मुलूख हवा होता. १२५६ च्या जानेवारीत काउंट दुसरा विल्यम त्यांच्यावर चालून गेला. गोठलेल्या पाण्यावरून जाताना बर्फ फुटून त्याचा घोडा रुतला आणि फ्रिसियनांनी त्याला ठार केले. सोमेश्वर बुडण्याच्या जेमतेम नऊ-दहा वर्षे आधीची ही गोष्ट. पाण्याने तेथे लहानांना वाचवले, येथे वाचवले नाही. विल्यमच्या मुलाने पुढे सूड घेतला आणि पश्चिम फ्रिसिया जिंकला. पण उरलेले फ्रिसियन झुंजत राहिले. १३४५ च्या सप्टेंबरात वार्न्सच्या लढाईत त्यांनी चौथ्या विल्यमला मारले. त्यांचे स्वातंत्र्य संपायला १४९८ साल उजाडले.

म्हणजे शेवटी तेही हरले. पण वार्न्सला आजही दर वर्षी सप्टेंबरात लोक जमतात. तेथे एक दगड उभा केला आहे आणि गुलामीपेक्षा मरण बरे, अशा अर्थाचे शब्द त्यावर कोरले आहेत. त्यांची भाषा त्यांच्या प्रांतात राजमान्य आहे. आणि आम्ही? आमच्या लढाईचे साल आम्हाला माहीत नाही. आमच्या राजाचे नाव आम्हाला माहीत नाही. देवळाला आम्ही दुसऱ्याचे नाव दिले आहे.

येथपर्यंत लिहून झाल्यावर मी थांबलो, कारण स्वतःलाच एक प्रश्न विचारणे भाग होते. फ्रिसियनांनी लक्षात ठेवले आणि आपण विसरलो, याला आपला नाकर्तेपणा एवढेच कारण आहे काय? मला वाटते, नाही. फ्रिसियन शेतकरी लढला तो बव्हंशी स्वतःच्या शेतासाठी. हरलो तर आपल्या डोक्यावर सरदार येणार, वेठ येणार, हे त्याला कळत होते. त्यांच्यातही धनदांडगे होते, आपसांत तटही पडले होते. ते सगळे सोन्याचे होते असे मी म्हणत नाही. पण स्वातंत्र्य या शब्दाचा अर्थ त्यांच्या अंगणापर्यंत पोचला होता. आमच्याकडे 'कोंकणचक्रवर्ती' ही पदवी राजाची होती. जकातमाफी मंत्र्यांच्या गलबतांना मिळाली होती. शेत कसणाऱ्याला, मीठ पिकवणाऱ्याला, वल्हे मारणाऱ्याला त्या चक्रवर्तित्वातून काय मिळाले, याचा ताम्रपटांत पत्ता नाही. १२७२ च्या ठाण्याच्या ताम्रपटात साष्टीचा कारभारी म्हणून यादवांचा अच्युत नायक दिसतो. शिलाहार गाव दान देत होते, हेही गाव दान देऊ लागले. दान दिलेल्या गावातल्या कुळाच्या लेखी फक्त धान्य कोणाच्या कोठारात घालायचे एवढेच बदलले असेल. मग त्याने सोमेश्वराचे नाव नातवंडांना का सांगावे? लोकांचे विसरणे हासुद्धा कधीकधी एक निकाल असतो, आणि तो राजांच्या विरुद्ध गेलेला असतो.

म्हणून सोमेश्वराचा पुतळा उभारा, चौकाला त्याचे नाव द्या, अशी मागणी मी करणार नाही. मला आठवण ठेवावीशी वाटते ती दुसऱ्या कोणाची तरी. बोरिवलीजवळ एकसर येथे सहा वीरगळ आहेत. चांगले उंच, एकावर एक पट कोरलेले. काहींवर हत्ती आणि जमिनीवरची लढाई आहे, तर काहींवर वल्ह्यांच्या रांगा असलेली गलबते एकमेकांवर चालून चालली आहेत. वरच्या पटांत मेलेले वीर स्वर्गात पोचून शिवपूजा करीत आहेत. ही महादेव आणि सोमेश्वर यांचीच लढाई असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. नेमके कोणते युद्ध हे निःसंदिग्धपणे सांगणारा लेख त्यांवर नसल्याने त्याला अनुमानच म्हटले पाहिजे. पण एक गोष्ट अनुमानाची नाही. कोणाची तरी माणसे समुद्रावर लढता लढता मेली, आणि मागे राहिलेल्यांना ती विसरू नयेत असे वाटले. त्यांनी दगड आणले, पाथरवटाला पैसे दिले आणि गलबते कोरून घेतली. हेमाद्रीच्या श्लोकांत ज्यांना जागा नाही ते वल्हेकरी या दगडांवर आहेत. आपला वार्न्सचा दगड तो हाच. तेथे सप्टेंबरात कोणी जमत नाही, एवढाच फरक.

हा विषय केवळ जुन्या दगडांचा नाही, हे आपल्या तीन गावांत राहणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. उल्हासनगर ज्या छावणीतून उभे राहिले तिला १९४९ साली हे नाव मिळाले. तेथे आलेल्या सिंधी कुटुंबांना मुलूख गमावणे म्हणजे काय हे पुस्तकातून शिकावे लागले नाही. त्यांच्या घरांतून आजोबा-आजींनी सांगितलेली गावांची नावे आजही ऐकू येतात. नकाशावर रेघ ओढणारे त्याला काहीही नाव देवोत. ज्याचे घर त्या रेघेपलीकडे राहिले त्याच्या लेखी एकच शब्द असतो. वर्गात शेजारी बसणाऱ्या मित्राच्या घरी हे ऐकलेल्या विद्यार्थ्याने तरी 'विस्तार' हा शब्द जपून वापरावा.

आणखी जवळचे उदाहरण द्यायचे तर १९८३ साली कल्याण महानगरपालिका झाली तेव्हा अंबरनाथ आणि बदलापूर तिच्यात घालण्यात आले. १९९२ साली ती बाहेर पडली आणि त्यांच्या स्वतंत्र नगरपालिका झाल्या. येथे ना हत्ती होते ना गलबते. रक्ताचा थेंब सांडला नाही, आणि हीच लोकशाहीची थोरवी. पण प्रश्न तोच होता: आमच्या नळाला पाणी केव्हा येणार आणि आमच्या कराचा पैसा कोठे खर्च होणार, हे कोणी ठरवायचे? आणि वेगळे होऊन तीस वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर विचारण्याचा प्रश्नही तोच आहे. देवळाच्या कुशीतून वाहणारी वालधुनी पुढे उल्हासनगरातून जाते. तिच्या पाण्याचा रंग आणि वास आपण सर्वजण जाणतो. स्वतःचा कारभार मिळाला म्हणजे नदी आपोआप स्वच्छ होत नाही. स्वातंत्र्य राजवाड्यात किंवा नगरपालिकेच्या सभागृहातच राहिले आणि अंगणात उतरले नाही, तर लोक त्याला सोमेश्वरासारखे विसरतील, आणि त्यात लोकांचा दोष नसेल.

असो. मोठ्या मागण्या करण्याचा मला अधिकार नाही. दोनच गोष्टी सुचवतो. एक, देवळाला 'हेमाडपंती' म्हणणे आजपासून सोडून देऊ. 'शिलाहारांचे देऊळ' म्हणावयास काही जास्त श्वास लागत नाही. दुसरी गोष्ट अभ्यासाची. उत्तरपत्रिकेत 'अमुक राजाने तमुक प्रदेश जिंकून राज्यविस्तार केला' असे लिहिताना क्षणभर थांबून त्याच वाक्यात हरलेल्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहावे. वाक्य तरीही पटले तर खुशाल लिहावे. पटले नाही तर दुसरे वाक्य शोधावे. गुण एखादा कमी पडला तरी चालेल.

आणि पुढच्या महाशिवरात्रीला रांगेत कोणी विचारलेच, देऊळ कोणी बांधले, तर सांगावे: ज्यांचे राज्य समुद्रात बुडाले त्यांनी. बाकीची गोष्ट सांगायला रांग पुरेशी मोठी असते.